पॅव्हेलियनच्या मागचा चहा

तिसऱ्या पाळीवरनं सुटलो की लगेच झोप लागत नाही. रिंगफ्रेमची घरघर तासभर तरी कानात फिरत राहते. तेवढा वेळ काढायचा म्हणून खोलीतल्या जोडीदाराच्या मोबाईलवर मी एक मालिका बघितली. 'द टेस्ट' तिचं नाव. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघावरची. 2020 च्या मार्चमध्ये पहिले आठ भाग आले, 2023 त चार, 2024 त आणखी तीन. सामना त्यात थोडाच. सामन्याच्या मागचं जास्त. खेळाडू कपडे बदलतात ती खोली, बस, हॉटेल, हरल्यानंतरची रात्र.

सुरुवात होते ती एका चोरीपासून. 2018 च्या मार्चमध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या पोरानं खिशात सँडपेपर लपवला आणि बॉल घासला. कॅमेऱ्यानं पकडलं. कप्तान स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर बाहेर, बँक्रॉफ्ट नऊ महिने. मग जस्टिन लँगर नावाचा नवा प्रशिक्षक आला, टिम पेन कप्तान झाला आणि गेलेली अब्रू परत आणायची म्हणून ही सगळी धडपड. खोलीच्या आत कॅमेरा बसवायला परवानगी दिली ती त्यासाठीच.

मला दोन जागा आठवतात. उस्मान ख्वाजा लँगरला तोंडावर सांगतो की पोरं तुला घाबरतात. साला, आमच्या खात्यात सुपरवायझरला असं कोण सांगेल! सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबायचं. दुसरी जागा 2019 ची, हेडिंग्लेची. स्टोक्सनं नाबाद 135 करून एका विकेटनं सामना हिसकावून नेला. लँगरनं रागाच्या भरात कचऱ्याची बादली लाथेनं उडवली. आणि मग सांडलेला कचरा त्यानंच वाकून गोळा केला. माझा जोडीदार हसला. मी नाही हसलो. माझी आई नगरपालिकेत झाडू खात्याला आहे. दुसऱ्यानं लाथाडलेला कचरा उचलणं काय असतं ते आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. लाथ मारणारा स्वतःच वाकलेला मात्र मी पहिल्यांदा बघितला, आणि तोही पडद्यावर.

पण दोस्तहो, भुलू नका. ही मालिका बनवण्यात ऑस्ट्रेलियाचं क्रिकेट बोर्ड स्वतः भागीदार आहे. म्हणजे कॅमेरा मालकाच्याच घरचा. मालकाचा कॅमेरा काय दाखवतो आणि कुठं डोळा मिटतो हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझ्या साच्यावर वरच्या कोपऱ्यात एक कॅमेरा आहे. मी लघवीला किती मिनिटं गेलो हे तो सांगतो. कापसाचा भुगा छातीत जाऊन माणूस कसा खोकतो हे मात्र त्याला कधी दिसलं नाही. आतलं दाखवतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: आत कुणाला घेतलं होतं?

मालिकेच्या दुसऱ्या खेपेत 2021-22 ची अ‍ॅशेस आहे. त्या मालिकेत मेलबर्नला स्कॉट बोलंड नावाचा गोलंदाज उतरला. तिथल्या मूळ आदिवासी गुलिजान लोकांपैकी. पहिलाच कसोटी सामना. दुसऱ्या डावात 7 धावांत 6 बळी. सामनावीराचं पदक त्याच्याच गळ्यात. पदकाचं नाव जॉनी मुलाघ. हा मुलाघ कोण म्हणून मी शोधलं तेव्हा झोप उडाली ती उडालीच.

1868 साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला क्रिकेट संघ आदिवासींचा होता. गोऱ्यांचा संघ पुढं गेला. हे पहिले गेले. 47 सामने खेळले; 14 जिंकले, 14 हरले, 19 अनिर्णित. मुलाघ त्यातला सगळ्यात तोलाचा. 1698 धावा, 245 बळी. त्याचं खरं नाव उनारिमिन, मुलाघ हे त्याच्याकडच्या गुरं-मेंढरांच्या मळ्याचं नाव. त्याच्या संघातला एक जण लंडनलाच मेला. यॉर्कला या खेळाडूंना जेवणाच्या तंबूत घेतलं नाही. मुलाघ पुढं खेळायला उतरलाच नाही. मैदानावर चालतो, तंबूत चालत नाही!

हे वाचून मला पुणं आठवलं. पुण्याची ती गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल, पण सगळी नसेल. म्हणून सांगतो.

पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाडचा. जातीनं चांभार, मूळ गाव कोकणातलं पालवण. बाप लष्कराच्या चाकरीत, म्हणून पोरं पुण्याच्या कॅम्पात वाढली. शिवराम, गणपत, विठ्ठल हे त्याचे भाऊ. चौघंही क्रिकेट खेळले. पण बाळूचा पहिला पगार खेळाचा नव्हता. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, महिन्याला तीन रुपये. मग 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तिथं जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचा. डावखुरा, संथ. कॅप्टन ग्रेग नावाचा गोरा फलंदाज तासतास त्याच्यासमोर सराव करायचा. बाळूनं बाद केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा, असं सांगतात. ग्रेगची बॅट सुधारली, बाळूचा बॉल सुधारला. बाळूच्या हातात बॅट मात्र त्या क्लबात कुणी दिली नाही. बॅट धरणं हे साहेबाचं काम, बॉल टाकणं हे गड्याचं. हे वर्ण गोऱ्यांनी आपल्याकडून शिकले की आपल्यांनी त्यांच्याकडून, याचा शोध एखाद्या पीएचडीवाल्यानं घ्यावा.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. हरवणारा हात दारात उभा होता, पण तो चांभाराचा. क्लबातली तेलुगू मंडळी म्हणाली, घेऊ या. मराठी ब्राह्मण म्हणाले, नाही. ग्रेगनंच पेपरात सांगितलं की याला घेतला नाही तर हिंदू मूर्ख ठरतील. मग घेतला. पण कसा घेतला? मैदानावर बॉल त्याच्या हातून ब्राह्मणाच्या हातात, ब्राह्मणाच्या हातून परत त्याच्या हातात. त्यात विटाळ नाही. चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत, पॅव्हेलियनमध्ये, चिनीमातीच्या कपात. बाळू बाहेर. त्याला मातीचं बोळकं, पिऊन झालं की फेकायचं. जेवण वेगळ्या टेबलावर, वेगळ्या ताटात. तोंड धुवायचं तर अस्पृश्य गड्यानं कोपऱ्यात पाणी आणून द्यायचं.

त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. आज तिथं लेन्स ठेवली तर काय दिसेल ते मी किती तरी रात्री रिंगफ्रेमसमोर उभा राहून बघितलंय. धागा तुटतो, मी जोडतो, आणि मनात तो माणूस भिंतीला टेकून चहा पितोय. आत हशा चाललाय. हशा त्यानंच घेतलेल्या विकेटींवर.

साताऱ्याला गोऱ्यांशी सामना ठरला तर तिथल्यांनी खेळपट्टीवर आधी आठवडाभर रूळ फिरवायला सांगितलं होतं. बाळूनं सात बळी घेतले. पुढं न्यायमूर्ती रानडे म्हणाले की त्याच्याबरोबर खेळता, तर त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही हवं. टिळकांनी त्याला हार घातला. हार घालायला वेळ लागत नाही.

याच्या शेजारी मी आणखी एक दृश्य ठेवतो, ते सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. जानेवारी 2022, होबार्ट. ऑस्ट्रेलियानं अ‍ॅशेस जिंकली, पोरं मंचावर शॅम्पेनच्या बाटल्या फोडायला लागली. ख्वाजा मुसलमान, दारूच्या शिंतोड्यांत येत नाही म्हणून बाजूला सरकला. कप्तान पॅट कमिन्सच्या ते ध्यानात आलं. त्यानं बाटल्या खाली ठेवायला लावल्या आणि ख्वाजाला हाक मारून मधे घेतलं. एवढंच. बाटली खाली ठेवायला किती ताकद लागते? पुण्यातल्या त्या अकरांपैकी एकानं आपला कप घेऊन बाहेर यायचं होतं.

गिरणीवाल्यांनो, आता आपल्या खात्याकडं वळा. माझा पणजा मुंबईला परळच्या गिरणीत होता, आज्जाही तिथंच, 1982 च्या संपापर्यंत. दोघांचं अख्खं आयुष्य कताई खात्यात गेलं. साळखात्यात, म्हणजे विणाईला, पैसा जास्त. पण पणजाच्या काळात तिथं महार-चांभाराला दार बंद. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, पण धोट्यावरची थुंकी वेगळी! बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला तेव्हा कुठं त्यांना बोलावं लागलं. पुण्यातलं बोळकं आणि परळचा धोटा एकाच भट्टीतले. फरक एवढाच की बाळूशिवाय विकेट पडत नव्हती, म्हणून त्याला मैदान उघडलं. पणजाशिवाय लूम चालत होती.

प्लेगाच्या वर्षांत बाळू पुण्याहून मुंबईला आला. लष्करात, मग रेल्वेत नोकरी, आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. तिथंही कुरकुर झालीच. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदूंनी गोऱ्यांना 109 धावांनी हरवलं. बाळूचे 8 बळी, शिवरामही त्याच संघात. हा देशाचा विजय म्हणून पेपरांनी गाजवला.

आणि मग 1911. 'अखिल भारतीय' असं नाव घेऊन इंग्लंडला गेलेला पहिला संघ. मोजून मापून घेतलेले: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान, आणि कप्तान पतियाळाचा शीख महाराजा भूपिंदर सिंग, वय 19. कप्तानी कशी मिळते ते यावरनं समजून घ्या. महाराजा गेला पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या थाटात, मैदानावर थोडाच दिसला. मैदानावर राबला तो पस्तिशीचा बाळू. खांदा दुखरा. 23 सामने झाले; 6 जिंकले, 15 हरले, 2 अनिर्णित. बाळूचे बळी 114, सरासरी 18.84. केंब्रिजला एका डावात 103 धावांत 8. पहिला विजय लेस्टरला मिळाला तो त्याच्याच बॉलवर. सॉमरसेटला शिवरामनं नाबाद शतक ठोकलं आणि एका विकेटनं सामना जिंकला. म्हणजे देशाचा संघ म्हणून जे काही पहिलं यश मिळालं त्यात दोन चांभार भावांचा घाम आहे. शाळेच्या पुस्तकात मी हे वाचलं नाही. क्रिकेटचा धडा होता, त्यात रणजी होता.

बाळू परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. रामचंद्र गुहांनी 2002 च्या पुस्तकात लिहिलंय की त्या सत्काराचं मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या विशीतल्या भीमराव आंबेडकरांचा हात होता. चवदार तळ्याला अजून सोळा वर्षं होती. परळच्या चाळीत राहणाऱ्या त्या पोराला आपल्यातला एक माणूस साहेबाला त्याच्या घरात जाऊन बाद करून आला, याचं काय वाटलं असेल? मी कविता लिहितो म्हणून हे विचारतो. इतिहासवाला विचारणार नाही.

आता कप्तानी. बाळू सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत जास्त बळी घेणारा. हिंदू संघाची कप्तानी त्याला एकदाही दिली नाही. एम. डी. पै नावाचा कप्तान जाहीरपणे म्हणाला होता की हा मान बाळूचा. पण निवड समितीला ऐकू आलं नाही. 1920 साली कळस झाला. बाळूलाच संघातून वगळलं, आणि पै आजारी म्हणून कप्तानी पुण्याच्या देवधरांकडं दिली. विठ्ठल आणि शिवराम त्या वेळी ऐन भरात. दोघांनी संघ सोडला. नुसता सोडला नाही, जातीमुळं आमचा अपमान होतो असं निवेदन पेपरात छापून सोडला. दोस्तहो, हे 1920 आहे! 'मूकनायक' निघाला तेच वर्ष. दोन खेळाडू खेळायला नकार देतात आणि कारण लपवत नाहीत. लोकांत गाजावाजा झाला, निवडवाल्यांना मागं सरावं लागलं. अंतिम सामन्यात बाळूला उपकप्तान म्हणून घेतलं आणि पै मुद्दाम मैदानाबाहेर गेला, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळू कप्तान. मागच्या दारानं मिळालेली ती कप्तानी. 1922 ला परत विठ्ठलला डावललं, परत तो बाहेर पडला. 1923 ला मात्र द्यावीच लागली. विठ्ठलच्या हाताखाली हिंदूंनी 1923, 1925 आणि 1926 ला चौरंगी सामने जिंकले. जिंकल्यावर सवर्णांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्याच्या भावाला कप दिला नाही त्याला खांदा दिला.

विठ्ठलनं पुढं 1948 साली आपलं आत्मचरित्र छापलं, 'माझे क्रीडा-जीवन'. कुठल्या बोर्डाच्या पैशानं नाही. आपला कॅमेरा म्हणायचा तर तो. खोलीच्या आत ज्याला घेतलं नव्हतं त्यानंच आतलं लिहिलं.

इथपर्यंत सांगितलं की आपली पोरं टाळ्या वाजवतात. पुढचं सांगितलं की गप्प होतात. आमच्या वस्तीत 14 एप्रिलला टेनिस बॉलचे सामने असतात. यंदा मी म्हटलं, बॅनरवर बाबासाहेबांच्या खाली एका कोपऱ्यात बाळूचा फोटो टाकू. 1911 च्या संघाच्या फोटोतनं त्याचा चेहरा मी मोठा करून आणला होता. मंडळातला एक थोरला भाऊ, मी त्याला मानतो, म्हणाला, "अरे पण त्यो साहेबांच्या विरोधात उभा ऱ्हायला हुता. त्याला आपल्या बॅनरवर कशापायी?" दुसरा म्हणाला, "आणि त्यो आपला बी न्हाई." आपला नाही म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही.

पहिलं खरं आहे. ते मी झाकणार नाही. 1932 ला बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघासाठी लढत होते तेव्हा बाळू दुसऱ्या बाजूला, संयुक्त मतदारसंघवाल्यांत होता. पुणे करारावर त्याचीही सही आहे. 1937 ला मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या विरोधात कुणाला उभं केलं? बाळूला. भायखळा-परळच्या ई आणि एफ वॉर्डात, आपल्याच गिरणगावात. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. फरक 2020 चा. एवढा थोडा फरक वाचून मी दचकलो होतो.

पण काँग्रेसनं त्यालाच का उभं केलं, हे बघा. गिरणगावात आपल्या लोकांत बाबासाहेबांसमोर टिकेल असं दुसरं नाव त्यांच्याकडं नव्हतं. पॅव्हेलियनच्या बाहेर ज्याला चहा दिला, कप्तानी ज्याला दिली नाही, त्यालाच आता पुढं केला. तेव्हा मातीचं बोळकं, आता तिकीट. आपलं माणूस आपल्यावर सोडण्याची ही रीत आजही बंद नाही, प्रत्येक निवडणुकीत बघतो आपण. मी बाळूला माफ करा म्हणत नाही. त्याचं राजकारण चुकलं, असं माझं मत आहे. रानड्यांचा शब्द आणि टिळकांचा हार त्याला खरा वाटला असावा, 1923 ला भावाला खांद्यावर घेतलेलं बघून हिंदू समाज बदलतोय असं त्याला वाटलं असावं. हा माझा तर्क. बाबासाहेबांनी मात्र खांद्यावर घेणाऱ्यांचे हातही बघितले होते.

दुसऱ्याचं, 'आपला नाही' म्हणणाऱ्याचं, मला जास्त लागलं. थोरल्याला मी म्हटलं, दादा, तो चांभार म्हणून बाजूला ठेवायचा तर आपण वेगळं बोळकं आपल्याच मंडळात आणून ठेवतोय. तो म्हणाला, "तसं न्हाई रं माझं म्हणणं." मग थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चौदा तारखेला लोकं इचारतील, तू सांगशील का हे समदं?"

सांगीन म्हटलं. 114 बळीही सांगीन आणि 11,225 मतंही सांगीन. माईकवर मला बोलता येत नाही, पाय कापतात, म्हणून हे आधी इथं लिहून काढलं.

बाळू 1955 च्या जुलैत वारला. प्रथम दर्जाचे 33 सामने, 179 बळी. वर्षभरानं नागपूरची दीक्षा झाली, ती त्यानं पाहिली नाही.

बॅनरचा निर्णय अजून झालेला नाही. मंडळाची बैठक रविवारी आहे आणि या रविवारी माझी दुसरी पाळी आहे. बदली मिळाली तर जाईन. फोटो खोलीत भिंतीला लावून ठेवलाय. मधे पतियाळाचा महाराजा बसलाय तो भाग मी कापून टाकला.